ठाणे-नवी मुंबईतली उष्णतेची लाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की इथल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच प्रश्न फिरायला लागतात. शेजारी खाडी असताना एवढं का तापतं? मोबाईलवरचा आकडा खरा की टीव्हीवरचा? झाडं तोडली म्हणून हे झालं का? बहुतेक चर्चा ‘ग्लोबल वॉर्मिंग, दुसरं काय’ इथे येऊन थांबतात. ते खोटं नाही, पण मंगळवारी ३४ अंश होते ते बुधवारी ४० कसे झाले, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वारा कुठून वाहतोय ते बघावं लागतं. खालची बरीचशी उत्तरं या ना त्या वाटेने वाऱ्यापाशीच येतात.

उष्णतेची लाट नेमकी कधी म्हणायची? खूप उकडलं की लाट का?

नाही. भारतीय हवामान विभागाचे निकष ठरलेले आहेत. कमाल तापमान मैदानी भागात निदान ४० अंश सेल्सिअस, डोंगराळ भागात ३० आणि किनारपट्टीवर ३७ अंश असायला हवं. शिवाय ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं. फरक ६.४ अंशांच्या वर गेला तर ती तीव्र लाट. एकाच हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं दिसलं, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

ठाणे आणि नवी मुंबईला किनारपट्टीचा, म्हणजे ३७ अंशांचा निकष लागतो. नागपूरकराला यावर हसू येईल, कारण तिथली मे महिन्यातली सरासरीच ४२ च्या पुढे असते. पण शरीर सरावतं ते आपापल्या गावच्या हवेला, म्हणून सरासरीपासूनचा फरकही मोजतात.

समुद्र इतका जवळ असताना पारा चाळिशीला कसा टेकतो?

समुद्राचा उपयोग त्याच्यावरून वारा आला तरच. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात, ते इथे रोज घडत असतं. सकाळी ऊन चढतं तशी जमीन भराभर तापते. समुद्र तापत नाही, अरबी समुद्राचं पाणी या दिवसांत २८ ते ३० अंशांच्या आसपासच असतं. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा आत येते. नेहमीच्या दिवशी अकरा-बाराच्या सुमाराला हे खारे वारे मुंबईच्या किनाऱ्यावर सुरू होतात आणि पुढे ठाण्याकडे, खाडी ओलांडून वाशी-बेलापूरकडे सरकतात. ते पोचले की पारा चढायचा थांबतो. म्हणून एरवी ३३-३४ वर भागतं.

लाटेच्या दिवशी पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून जोरदार वारा वाहत असतो. तो समुद्रावरून येणाऱ्या हवेला किनाऱ्यावरच अडवून धरतो. खारे वारे अकराऐवजी एकला, दोनला येतात, कधी संध्याकाळपर्यंत आत शिरतच नाहीत. दुपारी अकरा ते दोन हे सूर्याच्या जोराचे तास. त्या तीन तासांत थांबवणारं कोणी नसलं की पारा सरळ वर जातो. हवामान विभागाच्या मुंबईच्या अंदाजांत मार्च-एप्रिलमध्ये ‘समुद्री वारे उशिरा सुरू झाल्याने’ हे शब्द वारंवार येतात, ते याचसाठी.

पण पूर्वेचा वारा एवढा गरम का असतो?

याची दोन कारणं. पहिलं सरळ आहे. पूर्वेला दख्खनचं पठार आहे, नगर-नाशिक-मराठवाड्याची मार्चपासून उघडी पडलेली कोरडी जमीन आहे. मातीत ओल असती तर उन्हाचा बराच भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च झाला असता. ओल संपल्यावर तो सगळा हवा तापवण्यात जातो.

दुसरं कारण सह्याद्रीचं. पठार उंच आहे, आपण खाली. वरची हवा घाट उतरून कोकणात येते तेव्हा तिच्यावरचा दाब वाढतो, ती दाबली जाते आणि दाबल्यामुळे तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो, तोच प्रकार. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की साधारण ९.८ अंशांनी तापते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. म्हणजे पुण्यातली ३६ अंशांची हवा तशीच्या तशी ठाण्याच्या पातळीला आणली तर ती साडेएक्केचाळीसच्या आसपास भरेल, वाटेत कोणी एक काडीही न पेटवता. प्रत्यक्षात वाटेत मिसळणं होतं, वेळेचा फरक पडतो, म्हणून हिशेब इतका नेमका उतरत नाही, पण दिशा हीच.

वेळेचा फरक म्हणजे काय, तेही बघण्यासारखं आहे. काल दुपारी पठारावर तापलेली हवा रात्री कोकणावर येऊन वरच्या थरात थांबलेली असते. खाली जमिनीलगत रात्रीच्या गारव्याचा पातळ थर असतो. म्हणून सकाळी सातला फिरायला गेलेल्यांना छान वाटतं, कधी गारही. नऊ-दहाला जमीन तापली की तो पातळ थर मोडतो आणि वरची गरम हवा खाली मिसळते. दहा ते बाराच्या मध्ये पारा उडी मारतो तो असा.

हा पूर्वेचा वारा मुळात सुटतो कशामुळे?

बातम्यांत ‘प्रत्यावर्त’ असा शब्द येतो, त्यामुळे. हे जास्त दाबाचं क्षेत्र, जमिनीपासून काही किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेलं. उत्तर गोलार्धात त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. असा प्रत्यावर्त मध्य भारतावर बसला की त्याच्या दक्षिणेच्या कडेने कोकणावर पूर्वेचे वारे येतात. तो गुजरात आणि लगतच्या अरबी समुद्रावर असला तर उत्तर आणि ईशान्येचे येतात, राजस्थान-गुजरातची कोरडी हवा घेऊन. दोन्ही प्रकारांत आपल्याला जमिनीवरचीच हवा मिळते.

प्रत्यावर्त आणखी एक काम करतो. त्याच्या पोटात हवा सावकाश खाली बसत असते, दिवसाला काही शे मीटर. वर सांगितलेलं दाबून तापणं इथेही चालू असतं, फक्त घाटाऐवजी भर आकाशात. खाली बसणाऱ्या हवेत ढग धरत नाहीत, त्यामुळे ऊन अडत नाही. आणि वरचा थर गरम झाल्यामुळे जमिनीवरची तापलेली हवा फार उंच जाऊ शकत नाही, ती खालच्या खाली घोटाळत राहते. परदेशी बातम्यांतला ‘हीट डोम’ तो हाच.

प्रत्यावर्त हलता राहिला तर दोन दिवसांत सुटका होते. तो अडकून बसला तर लाट लांबते. तो अडकतो का, याचं उत्तर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरच्या जेट प्रवाहात असतं. पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणाऱ्या या वाऱ्यांना नागमोडी वळणं पडतात. वळणं पुढे सरकत राहिली तर खालचं हवामान बदलत राहतं, ती जागच्या जागी थबकली की त्यांच्याखाली बसलेला जास्त दाबही थबकतो. उत्तर भारतातल्या काही लाटांचा माग तर पार अटलांटिक महासागरावरच्या वळणांपर्यंत लागतो.

सूर्य मे महिन्यात डोक्यावर येतो. मग उच्चांक मार्च-एप्रिलचे कसे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण यात ‘ऊन वाढलं की उष्णता वाढते’ हा सरळ हिशेब मोडतो.

ठाण्याचं अक्षांश १९ च्या थोडं पुढे, त्यामुळे मेच्या मध्यावर भर दुपारी सावली पायाखाली जाते. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळा तो साजराही करतात. उन्हाचा जोर तेव्हा जास्तीत जास्त. पण सांताक्रूझ वेधशाळेचा आजवरचा उच्चांक ४२.२ अंश आहे आणि तो १४ एप्रिल १९५२ चा. मार्चचा उच्चांक ४१.७, तारीख २८ मार्च १९५६. अलीकडे मार्च २०१८ च्या अखेरीसही तिथे ४१ अंश नोंदले गेले.

मार्चमध्ये हिवाळ्याचे ईशान्य वारे पुरते गेलेले नसतात आणि जास्त दाबाचा पट्टा मध्य भारताच्या आसपास रेंगाळत असतो, तर ऊन मात्र कडक व्हायला लागलेलं असतं. म्हणजे पूर्वेचा वारा आणि उन्हाळ्याचं ऊन यांची गाठ पडते ती या सहा-आठ आठवड्यांत. मे उजाडेपर्यंत राजस्थान-पाकिस्तानकडे जमीन इतकी तापते की तिथे कमी दाब तयार होतो आणि तो अरबी समुद्रावरची हवा ओढायला लागतो. कोकणावर मग जवळजवळ दिवसभर पश्चिमेचा वारा. पारा ३४-३५ वर अडतो आणि घाम थांबत नाही.

फेब्रुवारीतसुद्धा लाट येऊ शकते?

आली होती. २५ फेब्रुवारी २०२५ ला सांताक्रूझला ३८.७ अंश नोंदले गेले, सरासरीपेक्षा जवळपास सहा अंशांनी जास्त. हवामान विभागाने मुंबई, ठाणे परिसरासाठी लाटेचा इशारा दिला. गणित तेच होतं: पूर्वेचे वारे, निरभ्र आकाश, उशिरा आलेले खारे वारे. फक्त महिना अंगावर काटा आणणारा.

तापमान ३४ च असतं, तरी जीव नकोसा होतो. मग ३९ चा दिवस बरा का?

कधीकधी, सावलीत असाल तर, हो.

शरीर गार राहतं ते घाम वाळल्यामुळे. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम नुसता निथळतो, वाळत नाही. हे मोजायला थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून तापमान घेतात, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. पूर्वेच्या वाऱ्याचा दिवस घ्या: ३९ अंश, आर्द्रता २० टक्के. वेट बल्ब येतं सुमारे २२. आता मेअखेरचा दिवस: ३४ अंश, आर्द्रता ७० टक्के. वेट बल्ब सुमारे २९. पारा पाच अंशांनी खाली आणि शरीरावरचा भार कितीतरी वर. वेट बल्ब ३५ ही माणसाची टोकाची मर्यादा असं बरीच वर्षं मानलं जायचं. अलीकडच्या प्रयोगांत धडधाकट तरुणांची मर्यादासुद्धा ३१ च्या आसपासच निघाली, तीही जवळपास बसल्याजागी. ज्येष्ठांची, हृदयविकार असलेल्यांची त्याहून कमी.

म्हणून ‘आज लाटेचा इशारा नाही’ एवढ्यावर विसंबू नये. हवामान विभाग ‘उष्ण व दमट हवामान’ असा वेगळा इशारा देतो. लोक तो वाचून पुढे सरकवतात, पण आपल्याकडे मे महिन्यात जास्त लक्ष द्यायचं ते त्याच्याकडे.

खारघरला २०२३ मध्ये काय झालं होतं?

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या खुल्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंची गर्दी कित्येक तास उन्हात बसून होती. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला.

त्या दिवशी परिसरातलं कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. ऐकायला हा आकडा फार भयंकर वाटत नाही, आणि यातूनच कळतं की आकडा किती अपुरा असतो. वेधशाळा मोजते ते सावलीतलं, हवेशीर पेटीतलं तापमान. एप्रिलच्या निरभ्र दुपारी मोकळ्या मैदानात दर चौरस मीटरला हजार वॅटच्या जवळपास ऊन पडतं, ते थेट डोक्यावर आणि अंगावर. त्यात दाटीवाटीने बसलेल्या गर्दीत वारा फिरत नाही, आणि गर्दीतून उठून पाणी आणायला जाणं सोपं नसतं. अनेकजण आदल्या रात्रीपासून प्रवास करून आलेले होते. त्याच महिन्यात भारत, बांगलादेश, थायलंड, लाओस या पट्ट्यात दमट उष्णतेची लाट होती. वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाने नंतर काढलेल्या अंदाजानुसार, हवामान बदलामुळे भारत-बांगलादेशात अशा लाटेची शक्यता किमान ३० पटींनी वाढली आहे.

बदलापूर, कल्याण ठाण्यापेक्षा जास्त का तापतात? आणि बेलापूर, वाशी कमी?

खारे वारे कधी पोचतात, यावर. वाशी, ऐरोली खाडीच्या काठावर, त्यामुळे वारा फिरला की तिथे आधी कळतं. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आडवे येतात, तरी खाडी आणि घोडबंदरकडून हवा आत शिरते. पारसिकच्या डोंगरापलीकडे, मुंब्रा, शिळफाटा, डोंबिवली अशी ती जात जाते तसतशी जमिनीवरून घासत तापत जाते. बदलापूर समुद्रापासून चाळीसेक किलोमीटर आत, तेही मलंगगड-चंदेरी-माथेरानच्या रांगेच्या पूर्वेला आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडे. पूर्वेचा गरम वारा तिथे आधी पोचतो आणि समुद्राचा सगळ्यात शेवटी. दोन्हीकडून तोटाच.

मोबाईलवर ४३ दिसतंय, बातम्यांत ३८. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कोणीच नाही. अ‍ॅपवर बऱ्याचदा ‘फील्स लाइक’चा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, तो आर्द्रता धरून काढलेला असतो. काही अ‍ॅप मोजत नाहीत, संगणकाच्या मॉडेलवरून अंदाज दाखवतात. गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा तापलेल्या डांबराचा आणि इंजिनाचा असतो, तो ग्रुपवर टाकू नये. वेधशाळेचं उपकरण जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतं, आणि जगभर तुलना करता यावी म्हणून ही पद्धत सगळीकडे जवळपास तीच आहे. खाजगी हवामानप्रेमींची केंद्रं उपयोगी असतात, पण ती गच्चीवर पत्र्याशेजारी बसवलेली असतील तर एक-दोन अंश चढेच दाखवणार.

काँक्रीट, एसी, झाडतोड यांमुळे लाट येते का?

लाट येत नाही. ती हजार-दोन हजार किलोमीटरच्या वाऱ्यांची गोष्ट आहे, घोडबंदर रोडवरचे टॉवर प्रत्यावर्त तयार करू शकत नाहीत. पण आलेली लाट किती सोसावी लागेल, हे मात्र यावर ठरतं, मुख्यतः रात्री. दिवसभर ऊन प्यालेलं काँक्रीट आणि डांबर रात्री ती उष्णता सोडत राहतात. उंच इमारतींच्या अरुंद गल्ल्यांतून तिला आकाशाकडे जायला वाट मिळत नाही, वर प्रत्येक एसी खोलीतली उष्णता बाहेर ओततो. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना आणि वागळे इस्टेटच्या चाळींतून पत्र्याखाली झोपणाऱ्यांना याची किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते. येऊरच्या पायथ्याशी किंवा उपवन तलावाकाठी रात्री जाऊन आलात तर फरक अंगाला कळेल. ठाणे महापालिकेने २०२४ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, त्यामागे हीच चिंता आहे. आराखडा कागदावरून रस्त्यावर किती उतरतो ते दर एप्रिलमध्ये तपासत राहायला हवं.

एक गंमत: पूर्वेच्या कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत रात्री त्यातल्या त्यात बऱ्या जातात, कारण कोरडी हवा उष्णता अडवून ठेवत नाही. मेमध्ये हवेतलं बाष्प ती धरून ठेवतं आणि पहाटेही २७-२८ अंश असतात.

एल निनोचा संबंध असतो का?

थोडा. प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापतं, तो एल निनो. त्यानंतरचा उन्हाळा भारतात बऱ्याचदा जास्त तापतो: २०१०, २०१६, २०२४. राजस्थानात फलोदीला ५१ अंशांचा देशाचा उच्चांक झाला तो १९ मे २०१६ ला. पण २०२२ चा मार्च, १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात तापलेला मार्च, ला निना, म्हणजे तेच पाणी नेहमीपेक्षा गार असण्याची स्थिती, चालू असताना आला. म्हणून एल निनोची बातमी वाचून पुढच्या उन्हाळ्याचा निकाल लावू नये.

मग हवामान बदलाचा वाटा नेमका कुठे?

वारे पूर्वीही असेच वाहत होते, १९५२ आणि १९५६ चे उच्चांक त्याचा पुरावा. बदललं आहे ते जिथून सुरुवात होते ती पातळी. जागतिक हवामान संघटनेनुसार २०२४ हे वर्ष १८५०-१९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने उष्ण होतं. तोच प्रत्यावर्त आता आधीच तापलेल्या हवेवर बसतो. हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५० ते २०२० या काळात दर दशकाला ०.१२ अंशाने तापला. समुद्र गरम म्हणजे त्याच्यावरून येणारा वारा कमी गार आणि जास्त दमट. खारे वारे आले तरी सुटका पूर्वीइतकी होत नाही, आणि ठाणे-नवी मुंबईसाठी चाळिशीच्या आकड्यापेक्षा हीच गोष्ट मला जास्त काळजीची वाटते.

लाट संपते कशी?

बहुतेक वेळा गाजावाजा न करता. प्रत्यावर्त सरकतो, वारा पश्चिमेचा होतो आणि पारा एका दिवसात चार-पाच अंश उतरतो. कधी वळवाचा पाऊस येतो, त्याआधी धुळीचं वादळ. १३ मे २०२४ च्या दुपारी ठाणे-मुंबईवर असंच धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला तो हाच दिवस.

ऑक्टोबर हीट हीच का?

चुलत बहीण म्हणा. मोसमी पाऊस मुंबई परिसरातून सरासरी ८ ऑक्टोबरला परततो. आकाश उघडतं, पश्चिमेचा वारा पडतो, पूर्वेचा सुरू होतो आणि जमीन अजून ओली असते. म्हणून ऊन आणि दमटपणा एकत्र.

उद्या किंवा आज तापणार का, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

मार्च-एप्रिलमध्ये सकाळी उठल्यावर ओठ सुकलेले वाटले, रात्री वाळत घातलेले कपडे पहाटेपर्यंत कडक झाले आणि हवेला खारट वास नसला, तर वारा पूर्वेचा आहे असं धरायला हरकत नाही. नऊ वाजता हवामान विभागाच्या संकेतस्थळावर जिल्ह्याचा इशारा बघावा. अकराला पुन्हा एकदा वारा बघावा: मुंबई विमानतळाच्या नोंदी दर अर्ध्या तासाला येतात, त्यात वाऱ्याची दिशा अंशांत असते. ९० च्या आसपास म्हणजे पूर्व, २७० च्या आसपास म्हणजे पश्चिम. अकरालाही ९० च असेल तर बाहेरची कामं संध्याकाळवर ढकलावीत, आणि ज्यांना ढकलता येत नाहीत, म्हणजे डिलिव्हरीची मुलं, नाक्यावरचे कामगार, रिक्षावाले, त्यांच्यासाठी सोसायटीच्या फाटकापाशी माठ आणि सावली ठेवावी. कोणाला चक्कर येऊन बोलणं असंबद्ध झालं, अंग भाजल्यासारखं तापलं, तर १०८ ला फोन करून लगेच अंगावर पाणी ओतायला आणि वारा घालायला सुरुवात करावी. शुद्ध नीट नसेल तर तोंडातून पाणी पाजू नये.